दुसरी अर्धी कादंबरी

संख्याशास्त्राचा तो मुलगा आमच्या वर्गात आला तो निव्वळ नाइलाजानं. ऐच्छिक विषयांचे बाकीचे वर्ग भरले होते, उरला होता एकच – देशोदेशींच्या कथा-कादंबऱ्या. पहिल्याच दिवशी उशीर. ओलीगच्च छत्री घेऊन तो दारात उभा राहिला, आणि रिकामी जागा होती ती नेमकी माझ्या शेजारी. छत्रीचं पाणी थेट माझ्या वहीवर!

"सॉरी..."

"असू दे. वाळवंटातली गोष्ट चाललीय, थोडं पाणी हवंच होतं."

तो हसला नाही. हसला तो दहा मिनिटांनी, एकटाच. त्या दिवसापासून मी त्याला शास्त्रीबुवा म्हणायला लागले.

मॅडमची शिकवायची तऱ्हा न्यारी होती. दोघांत एक कादंबरी. एकानं पहिला अर्धा भाग वाचायचा, दुसऱ्यानं दुसरा. मग आपापला भाग एकमेकांना सांगायचा आणि सेमिनारला जोडीदाराकडून ऐकलेला भाग वर्गाला सांगायचा. जोडीदाराची पानं उघडून बघायला सक्त मनाई. एका बाकावरची दोघं ती जोडी, म्हणून मी आणि शास्त्रीबुवा.

आमच्या वाट्याला बर्फाळ देशातली कादंबरी आली. आडगावचा एक स्टेशनमास्तर. टपाल घेऊन येणारी टपालवाली रोज दिसावी म्हणून तो स्वतःलाच पत्रं पाठवत राहतो. इथपर्यंत माझा भाग. मी तो दोन दुपारींत सांगून मोकळी झाले.

त्याचा भाग माझ्याएवढाच. पण दोन आठवडे झाले तरी संपेना! लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून तो सांगायचा – अडखळत, मध्येच थांबून माझ्याकडे बघत.

"मग?" मी विचारायची.

"मग... उद्या."

"कादंबरी आहे की मालिका रे?"

घरी ताईनं एकदा टोकलंच, "तुझ्या त्या स्टेशनमास्तरची गाडी फारच लेट चाललीय गं." मी लाजून लाल. खरं सांगायचं तर ती गाडी कधी पोचूच नये असं मला वाटत होतं. शुक्रवारी सेमिनार झाला की आम्हाला भेटायला कारण उरणार नव्हतं. तो त्याच्या आकड्यांत जाणार, मी माझ्या पुस्तकांत.

गुरुवारी त्यानं शेवट सांगितला. टपालवालीची बदली होते, ती गाडीत बसते. गाडी हलते. स्टेशनमास्तर लाल झेंडी दाखवून गाडी थांबवतो आणि सगळ्या प्रवाशांसमोर मनातलं बोलून टाकतो.

शुक्रवारी मी ते इतकं रंगून सांगितलं की मागच्या बाकावरून टाळ्या पडल्या. मॅडम मात्र पुस्तकाची पानं चाळत होत्या.

"ही झेंडी कुठल्या पानावर आहे?"

मी शास्त्रीबुवाकडे बघितलं.

"आणि टपालवालीला कानामागे पेन खोचायची सवय आहे म्हणालीस. ती कुठल्या पानावर?"

माझा हात आपोआप कानामागे गेला. पेन तिथंच होतं. वर्गात अशी खसखस पिकली, की मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

शास्त्रीबुवा उभा राहिला. कान लालबुंद. "चूक तिची नाही, मॅडम. तिनं ऐकलं तसंच सांगितलं. मी... पुस्तकात नाही ते बरंच घातलं."

मॅडमनी चष्मा काढला. त्या रागावल्या असाव्यात, पण आवाज शांत होता. "हिनं नीट ऐकलं, हिचे मार्क पूर्ण. तू जाऊन हिला खरा शेवट सांग, मग तुझं बघते."

आम्ही पायऱ्यांवर जाऊन बसलो. मला भयंकर राग आला होता. पण का कोण जाणे, उठून जावंसं वाटत नव्हतं.

"सांग."

"गाडी हलते. तो हिरवी झेंडी दाखवतो. ती जाते."

"आणि तो काही बोलत नाही?"

"एक अक्षर नाही."

"का?"

"पुस्तकात कारण नाहीये. मी तीनदा शोधलं." तो छत्रीच्या दांडीशी चाळा करत राहिला. "बोललो आणि ती नाही म्हणाली तर... रोजचं येणंही बंद होईल, अशी भीती वाटली असेल त्याला."

"त्याला?"

"मला," तो म्हणाला. "हा शेवट तुला सांगवेना. आणि संपवावंसंही वाटेना. तू आवडतेस मला. खूप. एवढंच होतं सांगायचं, बाकी चाळीस-पन्नास पानं उगाच."

माझा राग कुठं गेला ते मलाच कळलं नाही. आत अगदी हलकं हलकं वाटत होतं.

"काहीतरी बोल ना," तो काकुळतीला आला.

मी त्याच्या हातातली छत्री काढून बाजूला ठेवली.

"उद्या ये," मी म्हटलं. "पुस्तक न घेता."