कुतमानचं सामान

चुलीत अजून थोडा कोळसा टाक रे, आणि दार नीट ओढून घे. येत्या वसंतात तुम्ही तिघं सैन्यात जाणार. जा बापड्यांनो, कुणाला चुकलंय? पण आधी हे ऐकून जा. एल्झार माझ्या शेजाऱ्याचा मुलगा, आणि त्या रात्री त्याला माझ्याच ट्रकमधून मी आणलं होतं.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यातली चौदा फेब्रुवारी. सरहद्दीवरच्या ठाण्यात कोळसा टाकून मी परत निघालो, तेव्हा तिथल्या साहेबांनी एल्झारला माझ्या शेजारी बसवून दिलं. तीन दिवसांची रजा, आणि काम एकच. कुतमानचं सामान त्याच्या आईला नेऊन द्यायचं. हिरवी कापडी बॅग होती, तोंड दोरीनं बांधलेलं. दुसऱ्या दिवशी कुतमानला जाऊन चाळीस दिवस होत होते, त्याचा चाळिसावा होता.

कुतमान आणि एल्झार एकाच गल्लीतले. एकाच बसनं भरतीला गेले, पहिला महिना एकाच घोंगडीत झोपले. पुढं एल्झारचं अक्षर चांगलं म्हणून त्याला कचेरीत घेतलं, शेगडीपाशी. कुतमानच्या वाट्याला फावडं आलं.

"भांडण झालं होतं का रे तुमचं?" मी गाडी चालवता चालवता विचारलं.

"नाही ना, आके. झालं असतं तर बरं होतं. भांडलेला माणूस समेट तरी करतो. आमचं काहीच झालं नाही. एक दिवस मी दुसऱ्या टेबलावर जेवायला बसलो. मग रोजच बसायला लागलो."

मग म्हणाला, "तिथं दिवस कसा जातो सांगू? उठा, बर्फ काढा, बटाटे सोला, झोपा. बटाटे सोलताना माणूस फार विचार करतो. कुतमाननं विचार केला आणि तो बोलून दाखवला. सार्जंटला म्हणाला, रात्रीचा पहारा कायम आम्हा फावडेवाल्या तिघांनाच का? इतकंच. सार्जंट म्हणाला, न्याय पाहिजे का तुला? बाहेर उभा राहा, येईल. अंगात नुसता सदरा होता, आके. पहाटेपर्यंत उभा केला त्याला."

"आणि तू?"

"मी खिडकीत होतो."

कुतमान छातीत सर्दी भरून आठ दिवसांत गेला. चौकशी झाली. एल्झारनं त्याच चांगल्या अक्षरात लिहून दिलं, की तापाच्या भरात तो आपणहून बाहेर गेला.

तेव्हा मी नुसता गिअर बदलला. बोलायला हवं होतं. गावाच्या फाट्यावर गाडी थांबवली तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मला रातोरात गाडी आगारात लावायची होती. फाट्यापासून गाव चार किलोमीटर. म्हटलं, "जाशील ना?" तो म्हणाला, "लहानपणापासूनची वाट आहे." बॅग खांद्यावर टाकून उतरला.

आता पुढचं त्यानं मला सांगितलेलं.

चांदणं होतं. वारा नव्हता. गोठलेल्या बर्फावर त्याच्या बुटांचा करकर आवाज येत होता. पुलापर्यंत एकट्याचाच. पूल ओलांडला, आणि आवाज दोघांचा झाला.

त्याला वाटलं, कुणी गावकरी मागून आला असेल.

"खांदा अवघडला असेल. दे, मी घेतो."

बॅग कुणीतरी खांद्यावरून उतरवून घेतली. यानं दिलीही.

आवाज ओळखीचा होता. एल्झारनं मान वळवली नाही... वळवता आलीच नाही, म्हणाला.

"बटाट्याला आता कोण आहे रे?"

"मीच आहे. कचेरी सोडली. मीच मागितलं."

"बोटं फुटतात. चरबी लाव."

परत करकर. दोघांची.

"त्या मांजरीला पिल्लं झाली?"

"तीन झाली."

"तीन..."

असंच सगळं. पूर्वी शाळेतून येताना बोलायचे तसं. त्या कागदाबद्दल एक शब्द नाही. पोरांनो, शिव्या दिल्या असत्या, गळा धरला असता तर बरं, म्हणत होता एल्झार. पण तो नुसता विचारत होता. आई जागी असेल का. कुत्रा आहे का अजून.

गावाचे दिवे दिसले. एल्झार थांबला.

शेजारचा आवाजही थांबला.

"कुतमान... मी खोटं लिहिलं."

एल्झार दिव्यांकडं बघतच पुढं बोलला.

"मी पाहिलं होतं सगळं."

मग त्यानं विचारलं.

"तूही पाहिलं होतंस ना... खिडकीत मला?"

मग अगदी कानाशी...

"हो."

एवढंच.

एल्झार धावत सुटला. पडला, उठला, धावला. कुतमानच्या घराचं दार बडवलं. त्याच्या आईनं, बुरुल आपांनी, दार उघडलं. तेलात बोरसोकचे पिठाचे तुकडे तळल्याचा वास घरभर होता. मेलेल्याला वास पोचतो म्हणून आपण तळतो ना, ते. माउली एकटीच रात्री तळत बसली होती.

"आत ये, बाळा. बॅग ठेवून कुठं गेला होतास?"

"कुठली बॅग, आपा?"

"मगाशी दार वाजलं. उघडलं तर पायरीवर ही बॅग. म्हटलं, एल्झार असेल, गोठ्यामागं गेला असेल."

बॅग चुलीजवळ होती. दोरीची गाठ तशीच.

एल्झार उंबऱ्यातच खाली बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. म्हातारीनं त्याला मारलं नाही, की शापही दिला नाही. चूल विझवली. मग म्हणाली, "तो सहा वर्षांचा असताना तुला नदीतून त्यानं काढलं होतं. आठवतं?" आणि आतल्या खोलीत निघून गेली.

काय रे? गारठ्यानं भ्रम झाला असेल म्हणतोस? असेल. मीही त्याला तेच म्हणालो. बॅग कुणी वाटसरूनं ठेवली असेल, असंही म्हणालो.

पुढं काय झालं, तेही सांगतो. एल्झारनं खरं लिहून दिलं. सार्जंटला दोन वर्षांचा तुरुंग झाला. साहेबाची नुसती बदली झाली. पलटणीत एल्झारशी कुणी बोलेना. उरलेले पाच महिने पोरानं एकट्यानं जेवून काढले. बुरुल आपा त्याला घरी बोलावतात, चहा देतात. त्याच्याकडं बघत मात्र नाहीत.

पण एक गोष्ट मी त्याला अजून सांगितलेली नाही. ती माझी आहे.

चाळिसावा उरकल्यावर सोळा तारखेला, अजून अंधार असतानाच मी त्याला नारिन शहरात घेऊन निघालो, लष्कराच्या सरकारी वकिलाकडं, खरं लिहून द्यायला. पोरगा येऊन मला चिकटून बसला. गिअर टाकायला जागा नाही. म्हटलं, "सरक की तिकडं. खिडकीकडं एवढी जागा मोकळी पडलीय."

तो सरकला नाही.

मी त्याच्या पलीकडं पाहिलं.

खिडकीच्या काचेवर, आतून, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर... वाफेचा गोल. मोठा व्हायचा. ओसरायचा. परत मोठा व्हायचा. सावकाश, एका लयीत.

मी समोर बघून गाडी चालवत राहिलो. दीड तास.

वकिलाच्या कचेरीपाशी एल्झार माझ्याच बाजूनं उतरला. पायऱ्या चढून आत गेला. मी एकटाच राहिलो. मग धीर करून काचेकडं वळलो.

गोल गोठला होता. त्याचं दव पांढरं, कडक झालं होतं. आणि मधोमध एक जागा स्वच्छ पुसलेली... बाहेर कचेरीचं दार दिसावं म्हणून कुणी तळव्यानं पुसावी तशी.