चौकोनांत माझं नाव

शार्दूल मोघेला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

२००९ चा जानेवारी. आदल्या दिवशी धो धो पाऊस झाला होता, आणि इथे पाऊस झाला की रस्त्यांची तळी होतात. शारजाहून दुबईतल्या जबल अलीला येणारी आमच्या कंपनीची बस अडीच तास रखडली. ड्रायव्हर हमदुल्लाभाईंनी ती कशीबशी पाण्यातून काढून मला ऑफिसच्या दारात सोडलं, तेव्हा अकरा वाजले होते. चपला हातात, ओढणी पिळलेली... आणि टेबलाखाली पाहते तर एक्स्टेंशन बोर्डाच्या शेजारी पाणी. मी तशीच आयटीच्या खोलीकडे धावले.

आत एक नवा मुलगा पाठमोरा बसला होता. की-बोर्ड आपला नेहमीचाच, इंग्रजी. बोटंही इंग्रजी बटणांवरच पडत होती. पण पडद्यावर मात्र भराभर चिनी अक्षरं उमटत होती. मी ठिबकत दारातच उभी राहिले. त्याने चटकन मागे पाहिलं, आणि त्याहून चटकन पडद्यावरचं सगळं बंद केलं.

"काही हवं होतं?" त्याने विचारलं. चक्क मराठीत.

"मी मराठी आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"दारात येऊन 'अगं बाई' म्हणालात ना."

त्याचे डोळे हसरे होते. हे मी तेव्हाच पाहिलं, खोटं कशाला बोलू? पण हसऱ्या डोळ्यांच्या माणसांवर माझा आधीपासूनच विश्वास नाही. आई म्हणते, देवाने समोर येऊन प्रसाद दिला तरी आमची आभा आधी त्याची एक्सपायरी बघेल.

आमची कंपनी चीनहून नळ, शॉवर, बेसिनं मागवून आखातभर विकायची, आणि कंटेनरबरोबर जाणारे सगळे कागद मी करायची. पण मंदी आली होती. बाहेर टॉवर अर्धे उभे राहून थांबले होते, क्रेनही थांबल्या होत्या. बाथरूमच बांधून होत नाहीत तर नळ कोण घेणार? बाबांची कंपनी तर डिसेंबरातच बंद पडली होती. आता माझी नोकरी गेली की तिघांनी सामान बांधायचं, हे आमच्या घरी कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. मी वाढले ती शारजातच. पुणं म्हणजे माझ्यासाठी सुट्टीतलं गाव होतं, राहायचं नव्हे.

पुढच्याच आठवड्यात आमचे मॅनेजर गुणवंतसर यांनी सगळ्यांना बोलावलं. आपले ग्राहक परस्पर चीनच्या कारखान्याकडून माल घ्यायला लागलेत, म्हणाले. आपल्यातलंच कुणीतरी नावं, फोन नंबर तिकडे पोचवतंय. हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते, कारण ग्राहकांचे पत्ते माझ्याकडे असायचे. मग मला थांबवून हळूच म्हणाले, "आभा, नाव शोधून दे. तुझी जागा पक्की."

नाव? नाव तर मला ठाऊकच होतं... चिनीत टाइप करणारा, दार उघडताच पडदा झाकणारा माणूस ऑफिसात एकच होता.

त्यात तो फार गोड वागायचा. माझ्यासाठी पॅन्ट्रीतून न सांगता आलं घातलेला चहा आणायचा. त्या दिवसांत आयटीवाल्याने चहा आणणं ही काही चांगली खूण नव्हती. कुणाला काढायचं त्याची यादी एचआरच्या हाफिजामॅडम सगळ्यांत आधी आयटीला द्यायच्या. माणूस पत्र घेऊन टेबलाशी परत येईपर्यंत त्याचं ईमेल बंद झालेलं असायचं. त्यामुळे शार्दूल कुणाशी जरा जास्त हसून बोलला, की तो माणूस दिवसभर जेवायचा नाही.

एका दुपारी सगळ्यांच्या कॉमन फोल्डरमध्ये मला एक फाइल दिसली. तिच्या नावातच अक्षरं नव्हती, नुसते चौकोन. उघडली, तर आत ओळीच्या ओळी चौकोन. मधेच दोन गोष्टी वाचता येत होत्या, 'Jebel Ali' आणि '26'. मी गुपचूप प्रिंट काढली आणि पर्समध्ये घातली. वाटलं, सापडला.

शुक्रवारच्या सुट्टीत बाबांना पडदे बघायचेत असं सांगून मी ड्रॅगन मार्टला, चिनी दुकानांच्या बाजारात, नेलं. तिथे एका दिव्यांच्या दुकानात लिन नावाची बाई बसायची. दुकानात येणाऱ्यांशी बोलून बोलून तिला चांगलं हिंदी यायला लागलं होतं. बाबा झुंबरांखाली रमलेले पाहून मी तो कागद तिच्यासमोर ठेवला आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगितलं.

तिने कागद उलटा करून पाहिला. मग सुलटा. मग माझ्याकडे पाहिलं.

"दीदी, ये चाइनीज नहीं है. ये डब्बा है. डब्बा, डब्बा, डब्बा."

मग ती खूप हसली. तिने मला समजावलं ते असं, की कॉम्प्युटरमध्ये चिनी अक्षरं घातलेलीच नसतील तर तो बिचारा प्रत्येक अक्षराच्या जागी एक चौकोन काढून ठेवतो. चौकोनातून अक्षर परत वाचता येत नाही, ते चीनच्या राष्ट्रपतीलाही येणार नाही. माझे कान तापले. तीन वर्षं मी चीनशी व्यवहार करत होते, आणि चौकोन चिनी माणसाला वाचता येतात असं समजून अख्खा कागद घेऊन दुकानात गेले होते.

आता एकच रस्ता उरला. माझ्या कॉम्प्युटरमध्ये चिनी घालून घ्यायचं. आणि ते घालू शकणारा माणूसही एकच... ज्याला पकडायचं होतं तोच.

रविवारी ऑफिस उघडताच मी साळसूद चेहरा करून त्याच्याकडे गेले. कारखान्याच्या पॅकिंग लिस्ट चौकोनांत येतात, काम अडतं, असं सांगितलं. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, "हे जरा वेळखाऊ काम आहे हं, मॅडम."

आणि खरंच, किती दिवस लागले. एक दिवस विंडोजची सीडी सापडेना. एक दिवस अक्षरं दिसायला लागली, पण टाइप होईनात. मग खाली कोपऱ्यात भाषेची एक छोटी पट्टी आली, आणि ती कशी वापरायची ते शिकवायला तो रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसू लागला. शब्दाचा आवाज इंग्रजी अक्षरांत लिहायचा, की खाली त्या आवाजाची चिनी अक्षरं ओळीने येतात. आपल्याला हवं त्याचा नंबर दाबायचा.

"आवाज एक आणि अक्षरं इतकी?" मी विचारलं. "मग मशीनला कसं कळणार माझ्या मनात कुठलं आहे?"

"नाहीच कळत. तुम्ही सांगायचं."

"आणि चुकीचं सांगितलं तर?"

"मागे यायचं, पुन्हा निवडायचं. मशीन रागावत नाही." मग हळूच, "माणसंही फारशी रागावत नाहीत..."

मी पडद्याकडे बघत राहिले. त्याच्या शर्टाला इस्त्रीचा वास होता. मी त्याला माझं नाव लिहून दाखवायला सांगितलं. त्याने दोन-तीनदा प्रयत्न केला आणि मान हलवली. चिनीत भ नाहीच म्हणाला, तुमचा भ चीनला झेपत नाही. मी हसले. आणि हसता हसता स्वतःला बजावलं, आभा, हा माणूस चोर आहे. त्याला चिनी कुठे शिकलात विचारलं, तर दोन वर्षं शेन्झेनच्या एका कारखान्यात होतो, एवढंच म्हणाला आणि विषय बदलला. झालं, पाल पुन्हा चुकचुकली.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी ती फाइल पुन्हा उघडली. आता चौकोन नव्हते, सगळी अक्षरं लख्ख दिसत होती. पण मजकूर वाढला होता. खाली नव्या पाच ओळी आल्या होत्या, आणि त्या चिनी अक्षरांच्या मधोमध इंग्रजीत लिहिलं होतं, Abha Sabnis.

मी लगेच नवी प्रिंट काढली. हा माझ्या माथी खापर फोडतोय, दुसरं काय असणार? शुक्रवारी लिनकडे जायचं आणि रविवारी कागद गुणवंतसरांच्या टेबलावर ठेवायचा, असं मी ठरवून टाकलं. ठरवलं खरं, पण दोन रात्री धड झोप लागली नाही. तो चोर निघावा असं वाटत होतं, म्हणजे माझं घर वाचलं असतं. आणि तो चोर निघू नये असंही वाटत होतं. का, ते मला चांगलंच माहीत होतं.

लिनने या वेळी चष्मा लावला. एकेका ओळीवर बोट ठेवत तिने हिंदीत सांगायला सुरुवात केली. ते पत्र शेन्झेनच्या चेनसाहेबांना होतं, शार्दूलच्या जुन्या साहेबांना. तुम्ही जबल अलीत ऑफिस उघडताय असं कळलं. माझी इथली नोकरी २६ फेब्रुवारीला संपतेय, काही काम असेल तर सांगा. पूर्वीचं पत्र एवढंच होतं. मग नव्या ओळी. ज्यांना काढणार त्यांच्या यादीत माझ्याबरोबर आभा सबनीस हेही नाव आहे. तिला अजून माहीत नाही. तिच्या कागदांमुळे तीन वर्षांत एकही कंटेनर अडलेला नाही. जागा एकच असेल, तर आधी तिला द्या, तिचं घर तिच्यावर आहे.

लिन थांबली. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे मिश्कीलपणे बघायला लागली.

"ये लाइन धंधे का नहीं है, दीदी. लिखा है... वो रोज मेरे को शक से देखती है. लेकिन देखती है."

मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. बाबांनी विचारलं, काय गं, रडतेस का? मी म्हटलं, एसी फार आहे.

रविवारी मी गुणवंतसरांकडे गेले नाही. शार्दूलला पॅन्ट्रीत गाठलं आणि माझ्या घरचं त्याला कसं कळलं ते आधी विचारलं. माझे ईमेल वाचतो का?

"तुमच्या बाबांचा सीव्ही प्रिंटरमध्ये अडकला होता, मीच काढला," तो म्हणाला. "प्रिंटर बरंच सांगतो. माझ्या फाइलची प्रिंट कुणी काढली, तेही सांगतो."

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याला ठाऊक होतं. मी चौकोनांची प्रिंट काढली तेही, आणि चिनी कशाला हवंय तेही.

"मग मी यादीत आहे हे थेट का नाही सांगितलंत?"

"यादीतलं नाव सांगणार नाही असं हाफिजामॅडमना लिहून दिलंय. वाचू देणार नाही, असं नाही दिलेलं. म्हणून फाइल तिथेच राहू दिली." मग जरा थांबून म्हणाला, "शेवटची ओळ चेनसाहेबांना गेलेली नाही."

माझा चेहरा लाल झाला असणार. मी घाईघाईने विचारलं, मग ग्राहकांची नावं फोडली कुणी? त्यावर तो हसायलाच लागला. म्हणाला, मॅडम, तुम्हीच. माल कुणाचा ते कळावं म्हणून खोक्यांवर ग्राहकाचं नाव आणि फोन छापायला तुम्हीच दर वेळी कारखान्याला पाठवता. वर्षानुवर्षं ते स्वतःच्या हाताने आपल्या ग्राहकांचे नंबर छापतायत, चोर कशाला लागतो? मी तसंच जाऊन गुणवंतसरांना सांगितलं. त्यांनी डोकं धरलं. ती पद्धत त्यांचीच होती. पण यादी काही बदलली नाही.

गुरुवारी, २६ तारखेला, नऊजणांना पत्रं मिळाली. माझं सातवं. मी टेबल आवरलं आणि आयटीच्या खोलीत गेले. तो एकटाच होता. त्याने सांगितलं, चेनसाहेबांचं उत्तर आलंय. जागा एकच आहे, आणि रविवारी तुम्हाला भेटायला बोलावलंय. तो हे आनंदाने सांगत होता, आणि मला मात्र आतून टोचत होतं.

"आणि तुम्ही?"

"व्हिसा कॅन्सल झाला की इथे राहायला तीस दिवस मिळतात. बघू, काही मिळालं तर इन्शाल्ला. नाहीतर पुणं." त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली. "एक काम कराल? आठ अकाउंट्स बंद केली. नववं माझं आहे. त्यातच बसून मला ते बंद करता येत नाही, दुसऱ्या कुणीतरी करावं लागतं. सरांना विचारलंय, चालेल म्हणाले."

मी बसले. पडद्यावर त्याचं नाव होतं. माऊसवर हात ठेवला, पण बोट हलेना.

"आधी एक सांगा," मी म्हटलं. "ती जागा मला दिलीत... ही दया आहे का? तसं असेल तर मी रविवारी जाणार नाही. घरचं काय व्हायचं ते होऊ दे."

बाहेर कुणीतरी खोक्याला टेप लावत होतं, त्याचा आवाज येत होता.

"आभा, कॉम्प्युटरमध्ये चिनी घालायला किती वेळ लागतो, माहीत आहे?"

"तीन आठवडे. तुम्हीच लावलेत ना."

"वीस मिनिटं," तो म्हणाला. "सीडी पहिल्या दिवसापासून माझ्या ड्रॉवरमध्ये होती. दया असती तर वीस मिनिटांत काम संपवून, पत्र पाठवून मोकळा झालो असतो. मला तुझ्या शेजारी बसायचं होतं. रोज. मला तू आवडतेस... तू संशय घेतेस तेव्हा तर फारच."

तो मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. मी इतके दिवस त्याच्यावर डोळा ठेवला, आणि ही एवढी मोठी लबाडी माझ्या नजरेतून सुटली.

"उद्या शुक्रवार आहे," मी म्हटलं. "घरी जेवायला ये. तीस दिवसांत नोकरी कशी शोधायची, ते बाबांबरोबर बसून ठरवू, त्यांनाही शोधायचीच आहे. पण आमच्या घरी संशय घ्यायची रीत आहे. आई दहा प्रश्न विचारेल."

"अकरावा तू विचारशील?"

"मला काही विचारायचं नाही."

मी बटण दाबलं. पडद्यावर एक छोटी खिडकी आली. तिने इंग्रजीत विचारलं, तुम्हाला नक्की खात्री आहे का? शार्दूल माझ्या खांद्यामागे श्वास रोखून उभा होता. मी मागे वळून त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि 'हो' वर क्लिक केलं.