चांदणीचा जीवखडा

सत्त्याहत्तर सालच्या पौषात मी माल आणायला नर्मदेच्या खोऱ्यात, बाघकडे गेलो होतो. माल म्हणजे दगड. नाशिक रोडला स्टेशनाजवळ माझं दगडांचं दुकान आहे. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. आपल्या खाणींतले स्फटिक परदेशी लोक हौसेनं नेतात, पण बाघचा माल वेगळा. तिथं एके काळी समुद्र होता म्हणे. त्यातला काटेरी चेंडूसारखा एक जीव गाळात रुतला आणि दगड झाला. काटे झडले, पाठीवर पाच पाकळ्यांची चांदणी तेवढी राहिली. कुणी कोरलेली नाही, तरी रेघ चुकलेली नाही.

संग्रह करणारा मोठा प्रोफेसर असो की कारखानदार, हा दगड पाहिला की पोर होतो. अशा वेळी आपण बोलायचं नाही. दगड त्याच्या तळहातावर ठेवायचा. मूठ मिटली की समजायचं, आता ती उघडत नाही.

ही युक्ती माझी. दुसरी माझ्या बायकोची, वत्सलेची. कोरड्या दगडावर चांदणी पुसट दिसते. वत्सला अंगठा जिभेला लावायची, दगडावरून फिरवायची आणि म्हणायची, "बघा, उठला झोपेतून."

"अगं, वाटीत पाणी ठेव की. लोक काय म्हणतील?"

"पाण्यानं नाही उठत तो."

त्या खेपेला एक दगड असा मिळाला की कुठं टवका नाही. तो मी पिशवीत न टाकता खिशात ठेवला. नाशिकला एसटीतून उतरलो तर समोर कोंडाजी, वत्सलेचा धाकटा भाऊ.

"दाजी, घरी नका जाऊ. अमरधामलाच चला..."

तीन दिवसांच्या तापात वत्सला गेली होती. माझ्यासाठी थांबले होते.

खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन मी फिरलो. मडकं ज्या दगडानं फोडतात तो जीवखडा. गेलेलं माणूस दहा दिवस त्यात राहतं, मग त्याला नदीत सोडतात. कोंडाजीनं मागून हात पुढं केला. "दाजी, दगड."

खाली हजार दगड पडले होते. माझा हात खिशात होता. मी मूठ उघडली.

गुरुजींनी तो फडक्यात बांधला. चांदणी कुणाला दिसली नाही. मला रडूही आलं नाही. दहा दिवस ओसरीच्या कोनाड्यात तो होता, आणि खोटं कशाला सांगू, मी त्याच्याकडे माल म्हणूनच बघत होतो. हाइन्स नावाचे एक जर्मन साहेब बरीच वर्षं अशाच दगडाच्या मागे होते.

दहाव्याला रामकुंडावर मी उपरण्याआड तो ठेवून घेतला आणि साधा गोटा सोडला. कावळा पिंडाला लगेच शिवला. म्हटलं, निभावलं. उजवा अंगठा तेवढा बधीर झाला होता. पाणी गार असेल म्हणून सोडून दिलं. पुढं एकदा चहा करताना तो स्टोव्हवर भाजला, ते मला वासावरून कळलं.

दगड कपाटात ठेवला, काचेला कुलूप लावलं. दुपारी दुकान मिटून मी बाकावर पडायचो. उठलो की कपाटात चाळीस दगड धुळीनं कोरडे, आणि तो एक ओला. चांदणी लख्ख. मी पुसायचो. भीती वाटायला हवी होती. काहीच वाटत नव्हतं.

माघात हाइन्स साहेब आले. दगड हातात घेऊन हसले, "आत्ताच जीभ लावलीत?"

मूठ मिटली. दगड जर्मनीला गेला.

वर्षश्राद्धाला कोंडाजी जेवला नाही. पायरीवर बसून राहिला.

"दाजी, ताई सपनात येती. बोलत नाय. जीभ काढून दावती फकस्त... कोरडी ठाक हाय. भेगा पडल्यात."

मग मी त्याला सगळं सांगितलं. तो मडकं फोडलेल्या आपल्या हाताकडे बघत होता.

"दाजी, दगडाची पारख लय हाय तुम्हाला," तो म्हणाला. "आता आणा तिला माघारी."

मी पत्र लिहवून घेतलं. तीन महिन्यांनी पार्सल आलं. सोबत साहेबांची चिठ्ठी: पैसे नकोत. माझी बायको या दगडासोबत घरात राहायला तयार नाही. मी रोज पुसतो. तुम्ही यावर काय लावलं होतं?

त्याच दिवशी आम्ही दोघं रामकुंडावर गेलो. कापूस उलगडला. दगड पहिल्यांदाच कोरडा होता, चांदणी दिसेना. कोंडाजी म्हणाला, "हाच का?"

खात्री करायला मी सवयीनं अंगठा जिभेला लावला आणि दगडावरून फिरवला. चांदणी उठली.

"हीच," मी म्हणालो, आणि सोडला.

त्यानंतर ताई कोंडाजीच्या स्वप्नात आली नाही. आता तो जेवतो, हसतो. तुम्हीही चहा घ्या, गार होतोय.

अंगठा अजून बधीरच आहे. हे बघा, टाचणी टोचली तरी कळत नाही. दुपारी बाकावर माझा डोळा लागतो. कडी आतून असते. जाग येते तेव्हा अंगठा ओला असतो.