न वाळणारी ओल

दुपारी एकच्या सुमाराला एल्विना पाण्याची बाटली, थोडी रम आणि छत्री घेऊन किनाऱ्यावर आली. काम साधंच होतं. कॅरियाकू बेटावरच्या या माळाखाली गावाच्या जुन्या कबरी आहेत, एवढं सरकारी बाईंना, मिस क्वाशींना, दाखवायचं. नाही दाखवता आल्या, तर संध्याकाळी इथे हॉटेल बांधायला परवानगी मिळणार.

कबरींवर दगड कधीच नव्हते, नुसते मोठाले शंख ठेवलेले असायचे. मागच्याच आठवड्यात बुलडोझरने तेही झाडून नेले होते. एल्विनाची आई इथेच कुठेतरी होती, पण नेमकी कुठे, हे आता तिलाही सांगता येईना. जीव तुटत होता तिचा.

"टँटी, कशाला बाईंना उन्हात ताटकळत ठेवताय?" हॉटेलवाल्यांचा माणूस कथबर्ट म्हणाला. एल्विनाला सगळे टँटी, म्हणजे मावशी, म्हणायचे. पोरगा गावातलाच, पण कंपनीची टोपी चढवल्यापासून मान जरा ताठ झालेली.

"जुन्या माणसांना पाणी दिल्याशिवाय त्यांच्या दारात बोलू नये. विसरलास वाटतं?" म्हणत तिने जमिनीवर आधी पाणी शिंपडलं, मग रम.

वारा पडला. रमचा वास मात्र तिथेच रेंगाळला. तापलेल्या वाळूने पाणी बघता बघता पिऊन टाकलं... आणि मग जिथे थेंबही पडला नव्हता, तिथे ओल वर आली. माणूस आडवा मावेल एवढे पट्टे, शेजारी शेजारी. मिस क्वाशी भ्यायचं सोडून गुडघ्यांवर बसल्या आणि हात लावून बघू लागल्या.

"गार लागतंय हो..." त्यांनी पट्टे मोजले. अकरा भरले.

त्यातला सगळ्यात आखूड पट्टा एल्विनाने ओळखला. आई बुटकीच होती. ती तिथेच बसून रडली.

"असली जादू मलाही येते," म्हणत कथबर्टने आपली बाटली लांब, रस्त्याच्या कडेला रिकामी केली. पाणी चटकन सुकलं. "बघा, इथं कोणी नाही! इथून पुढं बांधू की."

"कथबर्ट... पाय उचला," मिस क्वाशी हळूच म्हणाल्या.

त्याच्या बुटांखाली ओल होती. तो बाजूला सरकला. ओलही सरकली. तो जीपकडे चालू लागला, मग पळत सुटला. वाटेत जिथे जिथे थबकला, तिथे तिथे वाळूत त्याच्याच उंचीचा पट्टा उमटला. जीप धुरळा उडवत निघून गेली.

मिस क्वाशींनी कागदावर 'परवानगी नाही' असं लिहिलं. पुढे त्यांचं पेन अडलं.

"टँटी... कबरी अकरा लिहू, की बारा?"

एल्विना रस्त्याकडे बघत राहिली. त्या पोराला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

"अकराच लिहा," ती म्हणाली. "आज तरी..."