शवपेटीवरचं पिल्लू

"मयताच्या घरून सरळ आपल्या घरी यायचं नाही," असं नानाय पासिंग यांनी सुनेला लग्नाच्या पहिल्याच वर्षी बजावलं होतं. "वाटेत कुठेतरी टेकायचं. पावाच्या दुकानात थांब, कुणाच्या ओसरीवर घोटभर पाणी पी. पाठीला लागलेलं असतं ते तिथे झटकायचं, मग घर."

लुआल्हाती तेव्हा हसली होती. फार्मसी शिकलेली मुलगी ती. "म्हणजे पाववाल्याच्या गळ्यात टाकायचं का, नानाय? त्या बिचाऱ्याने काय पाप केलंय?"

"त्याच्याकडे दिवसाला दोनशे माणसं येतात. ते गोंधळतं, कुणामागे जावं कळत नाही," नानाय अगदी गंभीरपणे म्हणाल्या होत्या. हे वाक्य लुआने मैत्रिणींना कितीदा तरी नक्कल करून ऐकवलं होतं.

मेयर अबुंदिओ साल्व्हानेरांना गोळ्या लागल्या त्या शुक्रवारी सकाळी, दहाच्या सुमाराला. बास्केटबॉलच्या मैदानावर नवं छप्पर घातलं होतं, त्याचं उद्घाटन. फीत अर्धी कापून झाली होती. मोटरसायकलवरून दोघे आले, डोक्यावर हेल्मेट, आणि आले तसे गेले. उपमेयर क्रिसांतो, म्हणजे लुआचा नवरा, मेयरांच्या डाव्या हाताला उभा होता. फोन आला म्हणून तो चार पावलं बाजूला गेला, आणि त्या चार पावलांनी वाचला. सगळं गाव म्हणालं, देव पावला. लुआही म्हणाली.

मनिलापासून सहा तासांवरच्या या बालिंगसाय गावात मेयरची खुर्ची मतांनी कमी आणि मयतांनी जास्त हलते. बावीस वर्षांपूर्वी क्रिसांतोचे वडील मेयर होते. त्यांना चर्चच्या पायऱ्यांवर मारलं. कायद्याप्रमाणे त्यांची खुर्ची उपमेयरांकडे गेली, आणि ते उपमेयर होते अबुंदिओ. मारेकरी सापडले नाहीत. गावाला जे कळायचं ते कळलं, बोललं कुणी नाही. गेल्या निवडणुकीत अबुंदिओंनी त्याच क्रिसांतोला बरोबर घेतलं, दोघांनी एका मंचावर हात उंचावले, तेव्हा म्हाताऱ्या बायका रडल्या होत्या. संपलं एकदाचं, असं वाटलं होतं सगळ्यांना.

तिसऱ्या दिवशी दुपारी लुआ आणि क्रिसांतो मेयरांच्या घरी गेले. दिवाणखान्यात पांढरी शवपेटी, वर काचेचं झाकण. अंगणात पत्ते चालले होते, कॉफी आणि शेंगदाणे फिरत होते. काचेवर, मेयरांच्या चेहऱ्याच्या बरोबर वर, एक पिवळं पिल्लू होतं. खून झालेल्या माणसाच्या पेटीवर कोंबडीचं पिल्लू सोडतात, तांदळाचे दाणे टाकतात. ते काचेवर टोचतं, आणि तिकडे मारणाऱ्याच्या मनाला टोच लागते म्हणतात.

टोक. टोक. टोक.

मेयरांच्या विधवेने, कोन्सुएलोबाईंनी, लुआचा हात धरून तिला शेजारी बसवलं. "तुझ्या सासूला सांग, आवाज थांबला म्हणून."

"कसला आवाज?"

"आमच्या जेवायच्या टेबलाखाली टोचायचं काहीतरी. बावीस वर्षं. फरशी तीनदा बदलली गं. हे म्हणायचे, उंदीर आहेत." त्या पेटीकडे बघत राहिल्या. "शुक्रवारी सकाळी नाश्त्याला एकदम शांत. काय खूश झाले होते! म्हणाले, गेले बघ उंदीर. शिट्टी वाजवत घराबाहेर पडले."

दुःखात माणूस काहीही बोलतं, लुआने मनात म्हटलं. झोप नाही, पोटात अन्न नाही. तिने त्यांना पाणी आणून दिलं.

क्रिसांतो पेटीपाशी जाऊन वाकला, तेव्हा पिल्लू टोचायचं थांबलं. मान वाकडी करून एका डोळ्याने ते त्याच्याकडे बघत राहिलं. अंगणातल्या एकाचं लक्ष गेलं. त्याने हातातले पत्ते खाली ठेवले.

तेवढ्यात नानायचा फोन आला. त्यांची दहा महिन्यांची मुलगी तिनाय बाटली तोंडात घेत नव्हती, रडून निळी पडत होती. लुआचं दूध कपड्यांतून झिरपायला लागलं होतं. परतताना पावाच्या दुकानासमोर क्रिसांतोने सवयीने गाडीचा वेग कमी केला.

"थांबू नकोस. सरळ घरी."

"दोन मिनिटं गं. नानाय ओरडेल."

"पोर रडतंय तिथे! तुझे ते पाववाले मरू देत." ती स्वतःच चपापली. क्रिसांतो दुकान दिसेनासं होईपर्यंत आरशात बघत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने मेयरपदाची शपथ घेतली. त्याच दिवशी नाश्त्याला पहिल्यांदा आवाज आला.

टोक. टोक. टोक.

लुआने नळ तपासला. पाल असेल म्हणून छत बघितलं. लाकडात किडा असेल म्हणून टेबलाचे चारही पाय ठोकून पाहिले. आवाज टेबलाखालून यायचा, क्रिसांतोच्या खुर्चीच्या बाजूने, आणि तो जेवायला बसला की यायचा. त्याच्या ताटाच्या कडेचं एखादं शीत दिसेनासं व्हायचं. पिल्लू तर पेटीवरच होतं, तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दफनाच्या सकाळी ते तिथेच काचेवर मेलेलं सापडलं, असंही कानावर आलं.

"उंदीर आहेत," क्रिसांतो म्हणाला.

नानायनी सुनेला काही विचारलं नाही. एका वाटीत कण्या घेतल्या आणि गुडघे धरून वाकत ती वाटी टेबलाखाली सरकवली. दुपारपर्यंत ती रिकामी होती.

"नानाय, हे काय?"

"ह्याच्या बापाच्या पेटीवरही पिल्लू होतं. मी वेडी, वर्षानुवर्षं वाट बघत बसले, कुठे गेलं म्हणून." त्यांनी वाटी पुन्हा भरली. "खाऊ दे. खातंय तोवर बरं."

"मीच आणलं ते," लुआ घाईने म्हणाली. "मी दुकानापाशी थांबू दिलं नाही म्हणून आलं. माझी चूक आहे, नानाय."

सासूने तिच्याकडे बघितलं. डोळ्यांत इतकी दया होती की लुआला ती सोसवेना. "हो गं बाळा," त्या म्हणाल्या. "तुझीच चूक."

त्यानंतर लुआ त्या चुकीला घट्ट धरून राहिली. ज्या समजुतीची तिने टिंगल केली, ती खरी असायलाच हवी होती. आवाज तिच्या चुकीने घरात आला असेल, तर क्रिसांतोच्या हातून काही घडलेलं नव्हतं. तिनायचा बाप तिनायचा बापच होता.

एका दुपारी तिने विचारलंच. "तो फोन कुणाचा होता?"

"कुठला?"

"मैदानावरचा. गोळ्यांच्या आधीचा."

त्याने चमचा खाली ठेवला.

टोक. टोक. टोक.

"राँग नंबर," तो म्हणाला. मग, तिच्याकडे न बघता, "माझ्या बाबांच्या अंगात त्या दिवशी निळा शर्ट होता. मी इस्त्री केलेला. नऊ वर्षांचा होतो मी."

तिने पुढे विचारलं नाही. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. 

दोन दिवसांनी तिनाय टेबलाखाली रांगत गेली. लुआ धावली तेव्हा पोर तळहात पसरून बसलं होतं, समोरच्या मोकळ्या फरशीकडे बघून खिदळत होतं. तळहातावर तीन लाल ठिपके. डास, लुआने स्वतःला सांगितलं. घामोळं. तिने भिंग आणून पाहिलं. ठिपके एका ओळीत होते.

त्याच दुपारच्या बसने ती पोरीला घेऊन मनिलाला, बहिणीकडे निघाली. सहा तासांचा रस्ता. या वेळी ती मध्येच उतरली, एका पावाच्या दुकानात तासभर बसून राहिली, आणि पुढची बस धरली. नानाय आल्या नाहीत. "मी आले तर वाटी कोण भरेल?" म्हणाल्या.

बहिणीकडे शांत होतं. तळहातावरचे ठिपके गेले. रोज सकाळी क्रिसांतो फोन करायचा, आणि त्याच्या बोलण्यामागून, दूरवरून, ते टोचणं ऐकू यायचं. लुआ त्यासाठीच कान देऊन बसायची. ऐकू आलं की तिचा श्वास मोकळा व्हायचा.

आज सकाळी आठला फोन आला.

"लुआ, ऐक." त्याचा आवाज पोरासारखा झाला होता. "ऐकलंस? काहीच नाही! नानायची वाटी रात्रीपासून तशीच भरलेली आहे. गेले बघ उंदीर. रविवारी न्यायला येतो तुम्हाला."

"क्रिसांतो, आज घराबाहेर पडू नकोस."

"वेडी आहेस का? कोळ्यांच्या धक्क्यावर कार्यक्रम आहे, माणसं थांबलीयेत."

"क्रिसांतो!"

तो शिट्टी वाजवत होता. फोन बंद झाला.

त्यानंतर त्याचा फोन वाजतो आहे, उचलत कुणी नाही. नानायचाही. पावणेदहा झाले. लुआने बालिंगसायमधल्या ओळखीच्या प्रत्येकाला फोन लावले आणि शेवटी गावाच्या फेसबुक पानावर लिहिलं:

"हे वाचणारे कुणीही धक्क्याजवळ असाल तर कृपा करून माझ्या नवऱ्याला तिथून घरी न्या. तिथे नसाल तर आमच्या घरी जा. दार उघडंच असतं, नानायना कमी ऐकू येतं. जेवायच्या टेबलाखाली एक वाटी आहे. तिच्यातला एखादा तरी दाणा कमी झालाय का, तेवढं वाकून बघा आणि मला कळवा."