रांगेतली पहिली होडी

मोबाइल ठेव आधी, उर्वी. आणि वरद, हसायचं असेल तर आत जाऊन झोप. हे ऐकीव नाही, माझ्या विद्यार्थ्यावर, सलिलवर गुदरलेलं आहे. गेल्या वर्षी, त्रिपुरी पौर्णिमेनंतरची चौथी रात्र.

सलिल पुण्याची नोकरी सोडून पूर्णगडला परतला आणि होडीवाल्यांसाठी त्याने संगणकावर एक प्रोग्रॅम केला. होडी निघाली की तिची परतायची वेळ नोंदवायची. या नोंदींची आत रांग लागते, सर्वांत आधीची वेळ सर्वांत पुढे. परत आलं की जेटीच्या खांबावरचं आपलं बटण दाबायचं, नोंद रांगेतून जाते. बटण दाबलं नाही तर भोंगा होतो आणि माणसं शोधायला निघतात. कल्पना झकास. पण या शहाण्याने असं लिहून ठेवलं, की पहिल्या नोंदीचा निकाल लागल्याशिवाय संगणक दुसरीकडे बघणारच नाही! आता काय बोलायचं?

त्या दुपारी ठमाबाई आली. तिचा नवरा खंडू अकरा वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला, तो आलाच नाही. बाई अजून कुंकू लावते. नोंदी करणाऱ्या विनोदला म्हणाली, "आमची पन होडी भायेर हाय. लिव." तिला नाही कोण म्हणणार? विनोदने लिहिली. वेळ रात्री आठ, बटण तेरा नंबरचं. तुम्हीही लिहिली असतीत.

आठला भोंगा झाला. माणसं धावली, नाव कळल्यावर माघारी फिरली आणि मग सगळा राग सलिलवर निघाला. पोरगा जेटीवरच्या खोलीत नोंद पुसायला बसला. पुसली. अर्ध्या मिनिटात पुन्हा पहिली. पुन्हा पुसली, पुन्हा आली. खांबावरचं तेरा नंबरचं बटण स्वतः दाबून आला, तरी आली. इंटरनेटची वायर उपटली, तरी आली. बारा वाजता त्याने मला फोन केला, रडकुंडीला आला होता.

"सर, जातच नाही हो ही!"

"अरे गाढवा, मग मागच्यांना पुढे सोड."

"त्यासाठी सगळं नव्याने लिहावं लागेल."

"मग लिही! मला काय विचारतोस?"

चिडून फोन ठेवला मी. बाहेर कोणती होडी आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही, सांगायचं त्याला सुचलं नाही. लवूची होडी बाहेर होती. तीन माणसं. परतायची वेळ दीड. समोर पडद्यावर फक्त पहिली नोंद दिसायची. दीड वाजून गेला आणि हा खाली मान घालून लिहीतच होता.

दोन पन्नास. भरती पूर्ण चढलेली. वारा नाही. पडद्यावरची नोंद...

गेली.

त्याने हात लावला नव्हता. तिथे लिहून आलं, 'तेरा नंबर. परत.'

म्हणजे बटण दाबलं होतं... कुणीतरी. त्याने खिडकीतून पाहिलं. चांदणं होतं. जेटी लख्ख दिसत होती.

कोणी नाही.

आणि भोंगा किंचाळला. पडद्यावर लवूचं नाव. माणसं होड्या घेऊन सुटली. किल्ल्याखालच्या खडकांजवळ सापडली ती. इंजिन बंद, होडीत पाणी, तिघं डब्यांनी पाणी उपसत होते. अजून पंधरा मिनिटं गेली असती, तर...

असो. तिघंही वाचले.

उजाडल्यावर सलिल खांबाकडे गेला. ठमाबाई तिथे आधीच बसलेली. तेरा नंबरच्या बटणाखाली दोर बांधलेला होता. काथ्याचा. पूर्णगडात आता सगळे नायलॉनचा वापरतात. ओला दोर, दुसरं टोक पाण्यात. सलिलने ओढून पाहिला. हलेना.

ठमाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. दमून आलंय मानूस."

आठ-साडेआठला ओहोटीने तळ उघडा पडला. खाली नुसता चिखल. होडी नाही. काही नाही. दोराचं ते टोक चिखलाच्या हातभर वर, हवेत...

आणि दोर ताणलेला.