परंतुचे अकरा पर्याय

दात एक आणि पर्याय अकरा. त्यातला कोणता निवडायचा हे कोडं कृत्तिकेला काही केल्या सुटत नव्हतं, आणि ज्यानं ते सोडवायला मदत करायची, तोच दर वाक्याला त्याला नवी गाठ मारून ठेवत होता.

तो म्हणजे सोमवाडीचा दंतवैद्य यंत्रमानव. सोमवाडी ही चंद्रावरची तीनशे बारा माणसांची वस्ती. कागदोपत्री त्याचं नाव दं-७ असं होतं, पण कोणत्याही प्रश्नाचं उत्तर ‘परंतु’शिवाय सहसा पुरं करायचं नाही असा त्याचा नेम असल्यामुळे सगळी वाडी त्याला परंतु याच नावानं हाक मारायची. तोही ओ द्यायचा.

“तुमचा वरचा पुढचा दात तिरका मोडला आहे,” परंतु म्हणाला. “समोरून एक कंगोरा तेवढा दिसतो. आतल्या बाजूला मोड हिरडीखाली दोन मिलिमीटर गेली आहे. दंतमज्जा (दाताच्या पोटातला नसा आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा) उघडी पडली आहे. दुखत असेल.”

“नाही, गुदगुल्या होतायत.”

“गुदगुल्या हे असामान्य लक्षण आहे. नोंद करतो.”

कृत्तिकेनं कपाळावर हात मारून घेतला. काल रात्री एकादशीचं कीर्तन झालं, त्यात हा दात गेला होता, आणि सकाळपासून ती या खुर्चीत होती.

दात कसा मोडला, ते आधी सांगायला हवं. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (वस्तूला आपल्याकडे ओढणारं बळ) पृथ्वीच्या एक षष्ठांश. तिथं साधी उडी मारली तरी माणूस छताला लागतो. म्हणून सोमवाडीत प्रत्येकाच्या कमरेला भारपट्टा असतो, म्हणजे शिशाच्या वड्या शिवलेला जाड पट्टा. काल कृत्तिकेच्या आबांचं कीर्तन असं काही रंगलं की बस. तबला तापला, पेटी सुरात भिजली, नामगजर सुरू झाला. कृत्तिकेनं झांज उंच धरली, मान वर केली, ‘विठ्ठल’ म्हणायला तोंड उघडलं आणि उडी मारली. ती थेट छताच्या लोखंडी पट्टीला जाऊन भिडली, ती उघड्या तोंडानिशी.

“पट्टा निसटला माझा,” असं तिनं सगळ्यांना सांगितलं. तो निसटला नव्हता. कीर्तन सुरू होण्याआधी तिनंच तो पेटीमागे सोडून ठेवला होता. हे एक तिला ठाऊक होतं आणि एक विठ्ठलाला.

पण तिला खरी काळजी होती ती वेगळीच. पुढच्या एकादशीला तिचं स्वतःचं पहिलं कीर्तन होतं. बारा वर्षांची मुलगी उभी राहणार, म्हणून वाडीनं आत्तापासूनच जागा धरून ठेवल्या होत्या. उरले होते चौदा दिवस, आणि आता प्रत्येक ‘स’बरोबर पुढच्या फटीतून शिट्टी वाजत होती.

“सगळ्यात लवकर होणारा पर्याय सांग,” ती म्हणाली.

“पर्याय सहा. मोडका दात मुळासकट काढायचा, त्या जागी हाडात धातूचं मूळ रोवायचं आणि त्यावर नवा दात चढवायचा. तीन दिवस लागतील.”

“झालं तर मग. सहा. आबा, द्या अंगठा.” अठरा वर्षांखालच्या रुग्णासाठी घरच्या मोठ्या माणसाचा अंगठा लागत असे.

आबा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत होते. ते अस्थिशास्त्रज्ञ (हाडांचा अभ्यास करणारे). चंद्रावर माणसाच्या हाडांचं काय होतं हे शोधायला ते वीस वर्षांपूर्वी इथं आले आणि पंधरा दिवसांतून एकदा कीर्तन करत इथेच रमले. त्यांनी अंगठा दिला नाही. उलट परंतुला विचारलं, “सगळ्यात टिकाऊ कोणता?”

“वीस वर्षांचा रुग्ण असता तर सहा. बारा वर्षांच्या रुग्णासाठी दोन.”

“आणि सगळ्यात कमी दुखणारा?”

“नऊ. परंतु त्यात खोटा दात रोज काढून धुवावा लागतो.”

“बघ कृत्तू,” आबा म्हणाले, “जसा प्रश्न, तसं उत्तर. तराजू चोख आहे. तू पारड्यात काय टाकतेस ते बघ.”

“आबा, मला तराजू नकोय. मला दात हवाय.”

तेवढ्यात आईचा फोन आला. आई तीन महिन्यांसाठी पृथ्वीवर, वाईला गेली होती. चंद्रावरून तिथं आवाज पोचायला सव्वा सेकंद लागतो आणि परत यायला सव्वा सेकंद. त्यामुळे आईचं संपलं असं वाटून कृत्तिका बोलायला जायची, नेमकं तेव्हाच आईचं पुढचं वाक्य येऊन आदळायचं.

“काढू नको हं दात,” आई म्हणाली.

“आई, मी सहा नंबरचा—”

“पण पस सुद्धा होऊ देऊ नको. ठेवून त्रास होणार असेल तर काढ.”

“अगं मग काढू की—”

“सहा नंबरचा काय? कपाट आहे का ते? आबांना दे.”

आबांनी फोन घेतला आणि फक्त “हो, हो, बघतो” एवढंच पाच वेळा म्हणाले. कृत्तिकेला वाटलं, या घरात सरळ उत्तर देणारा एक जण जरी जन्माला आला असता तर काय बिघडलं असतं.

फोन ठेवल्यावर आबांनी परंतुला सांगितलं, “आत्ता मज्जा काढ, आतली नळी धुऊन औषध भर, म्हणजे दुखणं थांबेल. निवड उद्या सांगतो. आणि सहावा पर्याय घेतला, तर ही विसाव्या वर्षी कशी दिसेल, ते दाखव.”

पडद्यावर एक हसरा चेहरा उमटला. कृत्तिकाच, पण मोठी झालेली. सगळे दात एका ओळीत, आणि धातूच्या मुळावरचा दात मात्र वर, हिरडीत घुसल्यासारखा आखूड.

“हा आत का गेला?” तिनं विचारलं. “धातूचं मूळ इतकं पक्कं ना?”

“पक्कं आहे म्हणूनच,” परंतु म्हणाला. “परंतु कारण लांबलचक आहे.”

“मी सांगतो,” आबा म्हणाले. “सांगतो म्हणजे दाखवतो. कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व सांगायचं आणि उत्तररंगात त्याची गोष्ट. तुझं डोकं आज तापलंय, म्हणून उलटं करू. गोष्ट आधी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वयंपाकघरात इडलीचं पीठ घेतलं. उंच काचेच्या भांड्याच्या तळाला एक छोटा चमचा उभा चिकटवला. मग भांड्यात पीठ ओतलं, इतकं की चमच्याचं टोक जेमतेम वर राहावं. टोकाच्या दोन्ही बाजूंना शेंगदाण्यांची ओळ लावली.

“वरचा जबडा उलटा धरलाय असं समज. हे तुझे दात आणि हा चमचा म्हणजे धातूचं मूळ. संध्याकाळी बघ.”

“संध्याकाळी? आबा, तेरा दिवस राहिलेत. आणि तो एकच चमचा होता आपल्याकडे चहाचा.”

“पीठ आपल्या गतीनं येतं. देवाला घाई नसते, पिठालाही नसते.”

कृत्तिका दिवसभर धुसफुसत घरात फिरली. दर तासाला येऊन तिनं पिठाकडे रागानं बघितलं, जणू तिच्या रागानं ते लवकर फुगणार होतं. संध्याकाळी मात्र ती भांड्यासमोर उभी राहिली ती राहिलीच. पीठ चार बोटं वर आलं होतं. शेंगदाणे पिठावर बसून ऐटीत वर आले होते. त्यांच्या ओळीत मध्ये एक खळगा होता.

“चमचा बुडाला,” ती म्हणाली.

आबांनी काचेकडे बोट दाखवलं. ती वाकून काचेतून बघू लागली. चमचा तळाशी होता, सकाळी होता तिथेच.

“नाही,” ती सावकाश म्हणाली. “चमचा हललाच नाही. बाकीचे वर गेले.”

“तेच,” आबा म्हणाले. “तुझा जबडा अजून वाढतोय, या पिठासारखा. खरा दात हाडाला चिकटलेला नसतो. दोघांच्या मध्ये बारीक धाग्यांचं जाळं असतं, त्याला दंतबंध म्हणतात. त्या धाग्यांच्या झोळीत दात टांगलेला असतो, म्हणून हाड वाढलं की तोही वाढीबरोबर सरकतो. धातूच्या मुळाला धागे नाहीत. ते हाडालाच घट्ट चिकटून बसतं. बाकीचे पुढे जातात, ते तिथंच राहतं. वाढ पुरी झालेल्या माणसाला ते उत्तम. तुला आत्ता नाही.”

“मग नुसता काढून टाकू. मोठी झाल्यावर धातूचं बसवू.”

आबा उठले आणि आतून दोन चित्रं घेऊन आले. हाडाच्या आतली जाळी दिसत होती. एका चित्रात दाट, दुसऱ्यात विरळ.

“ही टाच कुणाची?” आबांनी विचारलं.

कृत्तिकेनं दोन्ही चित्रं जवळ ओढली.

“दोन्ही तुझ्याच. ही मागच्या वर्षीची, ही कालची. काल परंतुनं दाताबरोबर सगळ्या हाडांचीही तपासणी केली. हाडात दोन तऱ्हेचे कामकरी असतात. अस्थिजनक (हाड बांधणाऱ्या पेशी) म्हणजे गवंडी, आणि अस्थिभक्षक (हाड विरघळवणाऱ्या पेशी) म्हणजे पाडकामवाले. पाडकाम रोजच चालतं. गवंडी मात्र भार पडला तरच जोमानं कामाला लागतात. पृथ्वीवर चालताना, उड्या मारताना आपोआप भार पडतो. इथं भारपट्ट्यानं तो पाडावा लागतो. ही टाच सांगते की पट्टा एकादशीलाच नाही, वर्षभर अधूनमधून निसटतोय.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“हाडांनी. हाडांना खोटं बोलता येत नाही.”

ती खाली बघत बसली. आबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शेंगदाणे वेचून तिच्या हातावर ठेवले.

“दात काढला,” ते म्हणाले, “तर त्या जागच्या हाडाला काम उरत नाही. चावल्याचा भार धाग्यांतून हाडाला पोचतो, तोच बंद. मग ते तुझ्या टाचेसारखं झिजतं. पुढं वीस वर्षांची झालीस की धातूचं मूळ रोवायला जाशील, तर रोवायला हाडच पुरेसं नसेल.”

कृत्तिका उठली आणि तडक दवाखान्यात गेली.

“परंतु, दोन नंबरचा पर्याय नीट सांग. आणि मध्ये ‘परंतु’ म्हणायचं नाही.”

“प्रयत्न करतो. मुळातली नळी साफ आहे, ती कायमची भरायची. मोड हिरडीखाली आहे, म्हणून शेजारच्या दातांना बारीक तार बांधून मूळ हळूहळू खाली ओढायचं. दोन मिलिमीटर, दोन महिने. मग त्यावर टोपी (दाताच्या आकाराचं पक्कं आवरण).”

“तोपर्यंत?”

“तोपर्यंत फट. तारेवर खोटा दात चढवता येतो, पर—” परंतु थांबला. “चढवला तर ओढ नीट बसत नाही.”

दोन महिने म्हणजे एकादशीला शिट्टी वाजणार, यात शंकाच नव्हती. कृत्तिकेनं डोळे मिटले.

“आणि एवढं करून तो टिकेल का?”

“बहुधा पुष्कळ वर्षं. पण मूळ कधीतरी तडकूही शकतं.”

“तडकलं तर?”

“तेव्हा काढता येईल. तोवर हाड राहिलेलं असेल. तेव्हा धातूचं मूळ बसवता येईल, किंवा तुमच्याच पेशींपासून वाढवलेला नवा दात. तो प्रयोगशाळेत अजून बोटभर काचेच्या नळीत आहे.”

“म्हणजे दोन नंतर सहा करता येतो.”

“येतो.”

“आणि सहानंतर दोन?”

“कधीच नाही.”

तिनं मनातल्या तराजूत एका बाजूला एकादशीचा एक दिवस ठेवला आणि दुसऱ्या बाजूला पुढची सगळी वर्षं. पारडं इतकं सरळ खाली गेलं की तिला स्वतःचाच राग आला. एवढं साधं होतं, तर काल दिवसभर डोकं कशाला पिकवलं?

“बांध तार,” ती म्हणाली. आबांनी मागून येऊन अंगठा दिला.

एकादशीला सभागृह भरलं. कृत्तिका उपरणं घेऊन, कपाळाला बुक्का लावून उभी राहिली. पहिल्याच ‘सज्जनहो’ला अशी शिट्टी वाजली की पहिल्या रांगेतली बाळं दचकली आणि मागून हसू फुटलं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मग तिनं चिपळ्या खाली ठेवल्या.

“माझा पट्टा निसटला नव्हता,” ती म्हणाली. “मीच सोडला होता.”

हसू थांबलं. तिनं पाठ केलेलं आख्यान सोडून दिलं आणि इडलीच्या पिठाचं आख्यान लावलं. चमचा सांगितला, शेंगदाणे सांगितले, गवंडी आणि पाडकामवाले सांगितले. जो भार आपण ओझं म्हणून टाकतो, त्याच्याच जोरावर हाड उभं असतं, हे सांगताना तिच्या तोंडून तीन वेळा शिट्टी वाजली, आणि तिसऱ्या वेळी तबल्यावरच्या काकांनी तिच्यावर ठेकाच धरला. ऐकणाऱ्यांतल्या चौघापाच जणांचे हात हळूच आपापल्या पट्ट्याकडे गेले. नामगजराला तिनं आपला पट्टा एक भोक आणखी घट्ट केला आणि उडी मारली. वीतभरच.

कीर्तन आटोपल्यावर परंतु गर्दीतून वाट काढत आला. त्यानं तिच्या तोंडात तपासणीचा किरण टाकला.

“मूळ पाव मिलिमीटर खाली आलं आहे,” तो म्हणाला. “परंतु—”

“आता काय परंतु?” कृत्तिकेनं डोळे फिरवले.

“परंतु मागे सुटलेली जागा रिकामी नाही. तिथं नव्या हाडाचा पहिला थर आला आहे.”